नाव घेण्याआधी

(या लेखात ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवासी समाजांतल्या, म्हणजे ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटवासी, निधन झालेल्या व्यक्तींचे उल्लेख आहेत. नावं आज ज्या रूपात जाहीरपणे घेतली जातात त्याच रूपात लिहिली आहेत. काही नावं मुद्दाम टाळली आहेत.)

‘कुमनजायी’ हा शब्द ऑस्ट्रेलियाच्या बातमीत आला की आपला वाचक तो पाळण्यातलं नाव समजून वाचतो. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी नॉर्दर्न टेरिटरीतल्या युएंडुमू गावात कुमनजायी वॉकर पोलिसाच्या गोळ्यांनी गेले. वय १९. २७ मे २०२५ रोजी ॲलिस स्प्रिंग्जच्या एका सुपरमार्केटात पोलिसांनी जखडून धरल्यानंतर कुमनजायी व्हाइट गेले. वय २४. दोघंही वार्ल्पिरी, दोघांचं गाव युएंडुमू. या दोन बातम्या पाठोपाठ वाचणाऱ्याला वाटेल, या गावात घरटी एक कुमनजायी असणार.

वार्ल्पिरी भाषेत एखाद्याचं नाव घेता येत नसेल तेव्हा त्याच्या जागी जो शब्द ठेवतात, तो हा. माणूस गेला की त्याचं नाव बाजूला ठेवलं जातं आणि त्याच्याविषयी बोलताना कुमनजायी म्हटलं जातं. त्याच नावाचा दुसरा कुणी गावात हयात असेल, तर त्यालाही काही काळ कुमनजायीच म्हणतात. गेलेल्याच्या नावाशी जुळणारा रोजच्या बोलण्यातला एखादा शब्द असेल, तर तोही कधी कधी टाळून दुसरा वापरात येतो. शेजारच्या अरेर्न्ते भाषेत यासाठी ‘क्वेमेन्तयाये’ आहे, पश्चिम वाळवंटातल्या पित्जान्त्जात्जारा भाषेत ‘कुन्मनारा’. म्हणजे बातमीत छापलेलं ‘कुमनजायी’ ही एक झाकलेली जागा आहे. त्यामागे कुणीतरी कुटुंबाला विचारलेलं असतं, कुटुंबानं काहीतरी ठरवलेलं असतं.

अनेक ॲबोरिजिनल समाजांत अशी धारणा आहे की गेलेल्याचं नाव उच्चारलं, चेहरा दाखवला, आवाज ऐकवला तर त्याच्या आत्म्याची आपल्या भूमीकडे परतण्याची वाट अडते. मागे राहिलेल्यांचं दुःखही त्यानं पुन्हा उघडं पडतं. घरातले फोटो उतरवले किंवा झाकले जातात, राहतं घर काही काळ रिकामं केलं जातं. आपल्याला हे अगदीच परकं वाटू नये. नाव घेणं ही आपल्याकडेही साधी गोष्ट नव्हती. आजीच्या पिढीत नवऱ्याचं नाव सरळ घेता येत नसे, त्यासाठी उखाण्याची आडवाट लागे. पण मृत्यूच्या बाबतीत आपली सवय नेमकी उलटी आहे. आपण ‘कै.’ लावून नाव ठळक करतो, फोटोला हार घालतो, पुण्यतिथीला तोच फोटो पुन्हा छापतो. निधनाच्या बातमीत नाव आणि फोटो नसेल तर ती बातमी आपल्याला अर्धवट वाटते. मराठी बातमीदाराचा हात याच सवयीनं चालतो, आणि त्याला अडवायचं तर आधी ही सवय आहे हे कबूल करावं लागतं.

सगळ्यांत बोलकं उदाहरण नॉर्दर्न टेरिटरीतल्या आर्नहेम लँडच्या ईशान्य टोकावरच्या योल्ङु लोकांचं आहे. योथु यिंडी या बँडचे गायक पेशानं शिक्षक होते, १९९२ चे ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ होते. १९९० मध्ये त्यांच्याच नावाचा एक नातलग वारला आणि त्यांनी स्वतःचं पहिलं नाव बदललं. देशभर ओळख झालेला माणूस केवळ नामसाधर्म्यामुळे आपलं नाव सोडून देतो, एवढं वजन या प्रथेला आहे. (ते सोडलेलं नाव इथे लिहिण्याचं काहीच कारण नाही.) २ जून २०१३ रोजी ते स्वतः गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना ‘डॉ. युनुपिंगू’ म्हटलं. २५ जुलै २०१७ रोजी एल्को बेटावरचे जन्मांध गायक गेले, ते झाले ‘डॉ. जी. युनुपिंगू’. ३ एप्रिल २०२३ रोजी भूमिहक्कांच्या लढ्याचे नेते, १९७८ चे ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ आणि त्या पहिल्या गायकाचे बंधू गेले. त्यांच्या कुटुंबानं सांगितलं की फक्त ‘युनुपिंगू’ म्हणा.

आता उपसंपादकाची अडचण बघा. दहा वर्षांत तीन मृत्युलेख, तिघेही मोठे, तिघांचं आडनाव एक आणि पहिलं नाव लिहायचं नाही. वाचकाला कळणार कसं कोण गेलं? यावर उपाय आहे आणि तो चांगल्या लिखाणाचाच आहे. माणूस त्याच्या कामानं ओळखून द्यायचा. गायक, शिक्षक, नेता, बँड, बेट, वर्ष. पहिल्या दोन वाक्यांत असे दोन-तीन नेमके तपशील आले की नावाविना माणूस स्पष्ट उभा राहतो. नावावर विसंबून लिहिलेल्या मृत्युलेखात हे तपशील बहुतेकदा तळाशी गेलेले असतात.

या सगळ्यातून नियम असा निघतो का की ॲबोरिजिनल माणूस गेला की नाव-फोटो छापायचा नाही? तसा नियम केला की चूकच होते. अभिनेते डेव्हिड गुलपिलिल २९ नोव्हेंबर २०२१ रोजी गेले, तेव्हा काही दिवस त्यांना ‘डेव्हिड दलाइथंगू’ म्हटलं गेलं आणि मग ओळखीचं नाव परत आलं. गायक आर्ची रोच ३० जुलै २०२२ रोजी गेले, तेव्हा कुटुंबानं नाव, छबी आणि संगीत वापरायची परवानगी दिली, म्हणजे त्यांचं काम लोकांपर्यंत पोचत राहील. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टोरेस स्ट्रेटच्या बेटांवर तर रीतच वेगळी. तिथे दफनानंतर वर्षानं किंवा अनेक वर्षांनी समाधीचा दगड उघडण्याचा, म्हणजे त्याच्या अनावरणाचा, समारंभ होतो. दगडावर नाव कोरलेलं असतं, नाच-गाणं आणि जेवणावळी होतात. तिथले भूमिहक्कांसाठी लढलेले एडी कोइकी माबो यांचं निधन २१ जानेवारी १९९२ चं. त्यांच्या ज्या खटल्यानं ऑस्ट्रेलियाचा जमिनीचा कायदा बदलला त्याचा निकाल ३ जून १९९२ रोजी लागला, आणि त्याच तारखेला १९९५ मध्ये टाउन्सव्हिलला त्यांच्या समाधीचा दगड उघडला. त्या रात्री कुणीतरी समाधीची विटंबना केली. मग कुटुंबानं त्यांना त्यांच्या मेर बेटावर नेऊन पुन्हा दफन केलं. इथे नाव लपवण्याचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक समाजाची, प्रत्येक कुटुंबाची, कधी कधी प्रत्येक मृत्यूची रीत वेगळी. म्हणून विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

विचारायचं कसं, इथे बहुतेकांचा पाय घसरतो.

पहिला घोटाळा कुणाला विचारायचं याचा. पोलिसांच्या निवेदनात ‘जवळच्या नातेवाइकांना कळवलं आहे’ असं वाक्य असतं. कागदावर त्याचा अर्थ एक माणूस. ॲबोरिजिनल नातेव्यवस्थेत वडिलांचे भाऊ हेही वडील आणि आईच्या बहिणी ह्याही आया असतात. आपल्याकडे मोठ्या काकूला ‘मोठी आई’ म्हणतात त्यात माया असते. तिथे त्यासोबत ठरलेली कर्तव्यंही असतात. कोण रडणार, कोण बोलणार, कोण गप्प राहणार, अंत्यविधीची सूत्रं कुणाकडे, हे नात्यानं ठरतं. ही माणसं शेकडो किलोमीटरच्या परिघात पसरलेली असतात. युएंडुमूच ॲलिस स्प्रिंग्जपासून वायव्येला सुमारे ३०० किलोमीटर आहे. एका आईला कळवलं म्हणून दुसऱ्या आईला बातमी मोबाइलच्या पडद्यावर दिसणं क्षम्य ठरत नाही. म्हणून पोलिसांनी नाव जाहीर केलं तरी ते छापण्याआधी एक वेगळी चौकशी लागते. कुटुंबाच्या वतीनं बोलणारं कोण आहे? हा प्रश्न थेट दारात जाऊन विचारायचा नाही. तिथली ॲबोरिजिनल कायदेविषयक सेवा, भूमिहक्क सांभाळणारी लँड कौन्सिल, गावचं आरोग्य केंद्र किंवा ॲबोरिजिनल रेडिओ केंद्र यांच्याकडून वाट काढायची. कोठडीतल्या मृत्यूत बहुधा कायदेविषयक सेवेचा वकीलच कुटुंबासोबत असतो.

दुसरी चूक मायक्रोफोनची. ‘पत्नीची प्रतिक्रिया’ ही आपल्या बातमीदारीतली ठरलेली चौकट. वार्ल्पिरी समाजात विधवा शोककाळात बोलणंच सोडते. हा काळ महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून अधिक चालतो आणि त्या काळात ती हातांच्या खुणांनी बोलते. त्यांची ही खुणांची भाषा इतकी समृद्ध आहे की तिचा स्वतंत्र अभ्यास झाला आहे. अशा बाईसमोर कॅमेरा धरायचा, ती काही बोलली नाही की ‘धक्क्यानं सुन्न झालेली पत्नी’ असं लिहायचं, हे किती चुकीचं आहे! ती सुन्न असेलही, पण ती आपलं कर्तव्य पार पाडते आहे. आणि ज्यांच्याकडे बोलायचा अधिकार आहे ती व्यक्ती चार पावलांवर बसलेली असू शकते.

तिसरी चूक प्रश्नाच्या घडणीत असते आणि ती सर्वांत सूक्ष्म. ‘फोटो वापरला तर चालेल ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ येतं. ऑस्ट्रेलियातले भाषातज्ज्ञ आणि वकील हा प्रकार चांगला ओळखतात. अधिकाराच्या जागेवरून आलेल्या हो-नाही प्रश्नाला अनेक ॲबोरिजिनल लोक ‘हो’ म्हणतात. त्या ‘हो’चा अर्थ ‘ऐकलं’ असा असतो, किंवा ‘आता थांबा’ असा. पिढ्यान्‌पिढ्या पोलिस, ख्रिस्ती मिशन आणि सरकारी अधिकारी यांच्यापुढे उभं राहून आलेली ही रीत आहे. न्यायालयात याच ‘हो’मुळे कबुलीजबाब गोत्यात आलेले आहेत. मग बातमीची परवानगी त्यावर कशी उभी राहील? प्रश्न मोकळा हवा. ‘त्यांच्याबद्दल लिहिताना आम्ही त्यांना काय म्हणावं?’ ‘त्यांचा चेहरा दिसण्याबद्दल घरच्यांचं काय म्हणणं आहे?’ विचारून झाल्यावर गप्प बसायचं. शांतता लांबली तरी ती भरून काढायची घाई करायची नाही. आणि उत्तर त्याच बैठकीत मिळालंच पाहिजे असं धरायचं नाही, कारण ज्याला विचारलं त्याला आणखी चौघांना विचारायचं असतं. इंग्रजी ही वाळवंटातल्या बऱ्याच लोकांची दुसरी-तिसरी भाषा आहे. नॉर्दर्न टेरिटरीत सरकारची ॲबोरिजिनल दुभाषी सेवा आहे. एवढ्या गंभीर परवानगीसाठी दुभाषी मागवणं हा वेळेचा अपव्यय नव्हे.

परवानगीसुद्धा एकसंध नसते. नाव चालेल पण फोटो नको, फोटो चालेल पण आवाज नको, जुना फोटो चालेल पण इस्पितळातला नको, आडनाव चालेल पण पहिलं नाव नको, असे सगळे प्रकार संभवतात. म्हणून नाव, फोटो, चलतचित्र आणि आवाज यांचं स्वतंत्रपणे विचारायचं. नाव कसं लिहायचं, लोकसमूहाचं आणि भूमीचं नाव कोणतं, हेही. आणि शेवटी, हे किती काळासाठी. काही ठिकाणी बंधन काही दिवसांचं असतं, काही ठिकाणी वर्षांचं. ‘पुढे बदल झाला तर कुणाला फोन करू?’ या प्रश्नाचं उत्तर लिहून घेतलं नाही, तर बाकीची मेहनत महिन्याभरात वाया जाते.

शोककाळाला तिथे ‘सॉरी बिझनेस’ म्हणतात. यातल्या ‘सॉरी’चा माफीशी संबंध नाही, ते शोक आहे. ‘बिझनेस’चा धंद्याशी नाही, ती विधी आणि कर्तव्यांची जबाबदारी आहे. यंत्रानं भाषांतर केलं तर याचं काय होईल याची कल्पनाच करवत नाही. या काळात गावाबाहेर शोकाचा तळ पडतो, बायका-पुरुष वेगवेगळे बसतात, दुकान बंद असू शकतं, रस्ता बंद असू शकतो. बैठका आणि सरकारी भेटी पुढे ढकलतात. कुमनजायी वॉकर यांच्या मृत्यूची न्यायचौकशी सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. कॉरोनरचे, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याचे, निष्कर्ष जून २०२५ मध्ये यायचे होते, पण मे अखेरीस कुमनजायी व्हाइट गेले आणि तारीख पुढे गेली. ७ जुलै २०२५ रोजी कॉरोनर एलिझाबेथ आर्मिटेज यांनी ते युएंडुमूला जाऊन मांडले. न्यायालय तारीख बदलू शकतं आणि ३०० किलोमीटर जाऊ शकतं, तर बातमीदार एक दिवस थांबू शकतो, एवढं तरी मानायला हरकत नसावी. तळाजवळ गाडी नेणं, दुरून लांब भिंगानं टिपणं, वरून ड्रोन उडवणं हे तर सोडूनच द्या.

आता त्या प्रसिद्ध सूचनेकडे येतो. ऑस्ट्रेलियात बातमीच्या डोक्यावर एक ओळ असते: या मजकुरात निधन झालेल्या व्यक्तींची नावं आणि छायाचित्रं आहेत, याची ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटवासी वाचकांनी नोंद घ्यावी. ही ओळ हवीच. पण तिची इतकी सवय झाली आहे की ती लिहिली म्हणजे कर्तव्य संपलं असं वाटू लागतं. सूचना वाचकाला सावध करते, कुटुंबाची परवानगी तिनं मिळत नाही. आणि मोबाइलच्या जमान्यात ती वाचकाला सावधही करत नाही, कारण ती पोचते सर्वांत शेवटी.

बातमी आज कोणत्या दारातून आत येते ते बघा. आधी फोनवर सूचना वाजते, तिच्यात शीर्षक असतं आणि शीर्षकात नाव. मग कुणीतरी व्हॉट्सॲपवर दुवा पाठवतं, त्याच्यासोबत चौकोनी फोटो आपोआप उमटतो. फेसबुकवर चित्रफीत न विचारता सुरू होते, आवाजासकट. या तिन्ही ठिकाणी सूचनेची ओळ नसते. ती बातमी उघडल्यावर दिसते, तोवर चेहरा दिसून गेलेला असतो. म्हणून काम सूचनेच्या मागे जाऊन करावं लागतं. दुव्यासोबत दिसणारं चित्र वेगळं निवडायचं, भूदृश्य किंवा ध्वज. परवानगी नसेल तर शीर्षकात नाव नाही, आणि बातमीच्या पत्त्यातही नाही. हा पत्ता बऱ्याच यंत्रणा पहिल्या शीर्षकावरून आपोआप बनवतात आणि नंतर शीर्षक बदललं तरी तो तसाच राहतो. फोटोच्या फाइलचं नाव, अंधांसाठी लिहिलेलं चित्रवर्णन, शोधासाठी लावलेली लेबलं या सगळ्यांत नाव अडकून बसतं. चित्रफीत आपोआप सुरू होणं बंद करायचं. रेडिओवर सूचना बोलून झाली की लगेच आवाज सोडायचा नाही. काही सेकंद जाऊ द्यायचे, ऐकणाऱ्याला रेडिओ बंद करायला किंवा खोलीतून उठायला तेवढा अवधी लागतो. आणि ‘संबंधित बातम्या’ म्हणून तळाशी जुना फोटो यंत्रानं परत आणला नाही ना, हे प्रसिद्ध झाल्यावर स्वतःच्या फोनवर उघडून बघायचं. संगणकावर दिसणारं आणि फोनवर दिसणारं सारखं नसतं.

मराठीत लिहिणाऱ्याला वाटेल, आमचा मजकूर युएंडुमूत कोण वाचणार? मजकूर मराठी आहे, फोटो मराठी नाही. मेलबर्न-सिडनीतली आपली माणसं इथल्या बातम्या तिथे फिरवतात, आणि चेहरा ओळखायला देवनागरी यावी लागत नाही.

शिवाय मराठीची स्वतःची काही कोडी आहेत, ती इंग्रजी नियमावल्यांत सापडणार नाहीत. सर्वनामाचंच घ्या. इंग्रजीत पुरुषासाठी एकच ‘ही’ (he). मराठीत ‘तो’ लिहायचं की ‘ते’, हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. आपल्या गुन्हेवृत्ताची सवय अशी की गोळी झाडणारे अधिकारी ‘ते’ आणि गोळी लागलेला तरुण ‘तो’. चौकशी सुरू व्हायच्या आत व्याकरणानं निकाल दिलेला असतो. क्रियापदाचंही तसंच. ‘ठार’ हा शब्द आपण चकमकीत वापरतो, ‘अखेरचा श्वास घेतला’ हा वयोवृद्ध कलावंतासाठी. कोठडीतल्या मृत्यूला पहिला शब्द गुन्हेगार ठरवतो आणि दुसरा सगळं झाकून टाकतो. ‘पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला’, ‘पोलिसानं झाडलेल्या गोळ्यांनी मृत्यू झाला’ ही साधी वाक्यं पुरतात, जे ठाऊक आहे तेवढंच ती सांगतात.

‘आदिवासी’ हा शब्दही विचार करून वापरावा. आपल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर त्यानं वारली, कातकरी, गोंड, भिल्ल येतात. तात्पुरती ओळख पटवायला तो एकदा आला तर बिघडत नाही, पण बातमीत माणसाच्या लोकसमूहाचं नाव हवं. वार्ल्पिरी, योल्ङु, यामात्जी, योर्टा योर्टा. आणि हस्तलिखित तपासणाऱ्याच्या हातून ‘वार्ल्पिरी’चं ‘वारली’ होणार नाही याकडे डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. ‘टोळी’ हा शब्द मात्र कायमचा टाकून द्यावा.

दुसरी बाजूही तितक्याच आग्रहानं मांडायला हवी, कारण आदराचं नाव घेऊन झाकपाकही होते. ४ ऑगस्ट २०१४ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या साउथ हेडलंडला पोलिसांच्या ताब्यात असताना २२ वर्षांची एक यामात्जी तरुणी गेली. न भरलेल्या दंडापोटी तिला कोठडीत टाकलं होतं, रक्कम ३,६२२ डॉलर. कुटुंबाच्या इच्छेनुसार तिचं पहिलं नाव घेत नाहीत, सगळे तिला ‘मिस धू’ म्हणतात. पण त्याच कुटुंबानं कोठडीतलं कॅमेऱ्याचं चित्रण जगासमोर यावं म्हणून धडपड केली. कॉरोनरनं डिसेंबर २०१६ मध्ये निष्कर्षांसोबत ते खुलं केलं आणि पोलिसांच्या वागणुकीला अमानुष म्हटलं. नाव नको, पण चित्रण दाखवा. ठोकळेबाज नियमात हे कसं बसवणार? व्हिक्टोरियात टॅन्या डे या योर्टा योर्टा महिलेला डिसेंबर २०१७ मध्ये रेल्वेतून सार्वजनिक ठिकाणी नशेत असल्याच्या कारणावरून ताब्यात घेतलं, आणि त्याच महिन्यात त्या गेल्या. त्यांच्या मुलांनी आईचं पूर्ण नाव आणि चेहरा घेऊन लढा दिला. तो गुन्हाच ७ नोव्हेंबर २०२३ पासून व्हिक्टोरियाच्या कायद्यातून गेला. अशा वेळी ‘त्यांच्यात नाव घेत नाहीत’ म्हणून नाव गाळणारा बातमीदार आदर दाखवत नाही, तो कुटुंबाच्या तोंडावर हात ठेवतो.

पार्श्वभूमीचे आकडे अशा प्रत्येक बातमीत हवेत, नाहीतर दर मृत्यू एकटाच दुर्दैवी अपघात वाटत राहतो. कोठडीतल्या ९९ ॲबोरिजिनल मृत्यूंची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशननं, म्हणजे सरकारनं नेमलेल्या उच्चाधिकार आयोगानं, १९९१ मध्ये ३३९ शिफारशी केल्या. सार्वजनिक नशा हा गुन्हा मानू नये ही त्यातलीच एक. माध्यमांनी स्वतःच्या आचारसंहिता कराव्यात, ॲबोरिजिनल पत्रकारांना शिकवावं आणि नोकरीत घ्यावं, हेही त्यात होतं. त्यानंतर कोठडीत मृत्यू झालेल्या या समाजातल्या लोकांची संख्या सहाशेच्या पुढे आहे. लोकसंख्येत चार टक्क्यांहूनही कमी असलेला हा समाज तुरुंगांत मात्र एक तृतीयांशाहून जास्त आहे. हे दोन ओळींत मावतं. गेलेल्या माणसाचा जुना गुन्हा मात्र दुसऱ्याच परिच्छेदात येतो आणि या दोन ओळींना जागा नसते, हे नेहमीचं आहे. फोटोचंही तसंच. पोलिसांनी अटकेच्या वेळी काढलेला फोटो सगळ्यांत आधी हाती लागतो म्हणून तो लावू नये, कुटुंब देईल तो लावावा. तो मिळेपर्यंत जागा रिकामी राहिली तरी चालेल.

आत्महत्येच्या बातमीत वेगळीच काळजी लागते. पद्धत आणि नेमकी जागा लिहायची नाही, हे ऑस्ट्रेलियाच्या माध्यमांनी बऱ्यापैकी स्वीकारलं आहे. छोट्या वस्तीत मात्र एवढ्यानं भागत नाही. तीनशे लोकांच्या गावात वय, मुलगा की मुलगी आणि गावाचं नाव एवढं दिलं की नाव छापल्यासारखंच झालं. तिथे गावाऐवजी प्रदेश लिहावा. शेवटी मदतीचा क्रमांक द्यावा, तोही वाचकाच्या कामाचा. ऑस्ट्रेलियात ॲबोरिजिनल लोकांनीच चालवलेली १३यार्न ही सेवा २०२२ पासून १३ ९२ ७६ वर चोवीस तास आहे. भारतातल्या मराठी वाचकासाठी टेलिमानसचा १४४१६.

राहिलं ते कपाट, म्हणजे जुन्या बातम्यांचा संग्रह. परवानगी बदलते, आणि बदलल्यावर जुन्या बातम्यांचं काय करायचं हे फार थोड्या ठिकाणी ठरलेलं असतं. क्वीन्सलँडमधल्या पाम आयलंडवर नोव्हेंबर २००४ मध्ये कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा सुरुवातीच्या बातम्यांत सरकारी नोंदीतलं नाव होतं. पुढे कुटुंबाच्या रीतीप्रमाणे ‘मुलरुंजी’ हे नाव रूढ झालं. संग्रहात दोन्ही पडून आहेत आणि नवा बातमीदार शोध घेतो तेव्हा आधी कोणतं वर येईल याचा भरवसा नाही. म्हणून प्रत्येक मृत्यूमागे एक छोटी नोंद हवी, जी बातमी लिहिणारा नोकरी सोडून गेला तरी राहील. कुणाला विचारलं, कोणत्या तारखेला, कशाला हो आणि कशाला नाही, नाव कसं लिहायचं, पुन्हा कधी विचारायचं. फोटोच्या फाइलवरही तीच खूण, म्हणजे पाच वर्षांनी ‘आजच्या दिवशी’ असं काही करताना तो अलगद बाहेर येणार नाही. बातमी दुसऱ्या संस्थेला दिली असेल तर ही अट तिच्यासोबत लेखी जायला हवी. मराठी वृत्तसंस्थांकडे येणारा मजकूर असाच येतो आणि वरची ओळ भाषांतरात सगळ्यात आधी गळते.

या नोंदीत ‘पुन्हा कधी’चा रकाना मी मुद्दाम शेवटी ठेवला. २०१७ च्या जुलैत ज्यांना सगळे ‘डॉ. जी. युनुपिंगू’ लिहीत होते, त्यांचं नाव कुटुंबानं पुढे स्वतःहून मोकळं केलं. एप्रिल २०१८ मध्ये त्यांचा शेवटचा अल्बम आला, पूर्णपणे त्यांच्या भाषेत, आणि ऑस्ट्रेलियाच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. ॲबोरिजिनल भाषेतला अल्बम तिथवर पहिल्यांदाच पोचत होता. त्यावर कलाकाराचं नाव होतं गुरुमुल.